पालकांनी सोबत यावे

९ सप्टेंबर, मंगळवार

शाळेचं पत्रक आलं. एका पानात सात चुका! 'पानगळ'चं 'पानगाळ' करून ठेवलंय. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासली, डोळ्यांना खोडच लागली आहे. लाल पेनाने सगळं दुरुस्त केलं आणि पत्रक भिंगरीच्या दप्तरात परत सारलं. नातीने कपाळाला हात लावला. "आजोबा, पुरे ना! मुख्याध्यापिकाबाई मला 'लाल पेनवाल्यांची नात' म्हणतात."

आहे तिसरीत, पण बोलते रिटायर झालेल्या न्यायाधीशासारखी.

जेवताना तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. २२ला वर्गाचा फोटो. ३०ला बागेत पानं गोळा करायला जायचं. १० ऑक्टोबरला पालकभेट. २४ला वाचनदिन. मग सहामाही सुट्टी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच — 'पालकांनी सोबत यावे.'

पालक म्हणजे मी. माझी मुलगी जाऊन पावणेदोन वर्षं झाली. त्या शब्दात चूक काहीच नव्हती, तरी पेन तिथे अडलं.

१४ सप्टेंबर, रविवार

जावई येऊन गेले. एक रविवार आड येतात, दुपारभर बसतात, भिंगरीशी पत्ते खेळतात, जातात. लिफ्ट दुरुस्तीचं काम. मुलगी गेल्यावर या माणसाची पार भिंत झाली होती. बोलणं नाही, खाणं नाही, नोकरीही गेली. "दोन महिने भिंगरीला सांभाळा" म्हणाले आणि तिला इथे सोडून गेले. त्या दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

आज भिंगरी शेजारी खेळायला गेल्यावर म्हणाले, "बाबा, नोकरी आता पक्की झाली. दोन खोल्या घेतल्यात. तिथली शाळा चार मिनिटांवर आहे. सुट्टी लागली की तिला नेईन म्हणतो."

मी म्हणालो, "मुलगी म्हणजे छत्री वाटली का तुम्हाला? विसरून गेलात, आता आठवली म्हणून न्यायला आलात?"

जावयाशी भांडायचं तेही अहो-जाहो करून — काय पंचाईत आहे! नीट शिवीसुद्धा देता येत नाही.

ते उठले, मोरीतला नळ महिनाभर गळत होता तो दुरुस्त केला, हात पुसले आणि निघून गेले.

१५ सप्टेंबर

नळ गळायचा थांबला. तेही सहन होत नाहीये.

२२ सप्टेंबर, सोमवार

फोटोचा दिवस. सकाळी सहापासून वेण्यांचा कार्यक्रम! शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने मला दोरीवर वेणी शिकवली, त्याला आता वर्ष होईल. तरी डावी वेणी उजवीपेक्षा जाडच होते. भिंगरी म्हणते, "असू दे, मी मान तिरकी करीन."

शाळेत गेलो. फोटोवाला गप्पिष्ट. मुलं हसावीत म्हणून प्रत्येकाला काहीतरी बोलत होता. भिंगरीला म्हणाला, "वा! काय वेण्या आहेत! आईला सांग हं, फर्स्टक्लास."

भिंगरी म्हणाली, "सांगते."

तिच्या वर्गाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

घरी येईपर्यंत ती मान तिरकीच ठेवून चालली. मी बोलायला हवं होतं का? काय बोलायचं असतं?

३० सप्टेंबर, मंगळवार

बागेत गेलो. पिवळ्या पानांचा नुसता सडा. मुलांच्या हातात पिशव्या, पालकांच्या हातात मुलांच्या पाण्याच्या बाटल्या. सगळ्या आया तिशीतल्या, मधे मी एकटा अडुसष्टचा, पानगळीचा नमुना म्हणून आणल्यासारखा.

तासाभराने पाहतो तर फाटकातून जावई येताहेत! रजा काढून. भिंगरीनेच फोनवर तारीख सांगितली असणार. कामाचे कपडे, हाताला काळं ग्रीस.

भिंगरी "बाबा!" म्हणून ओरडली आणि सुसाट सुटली. अर्ध्या वाटेत थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं. मग चालत माझ्याकडे परत आली आणि माझा हात धरला. तिथूनच तिने बापाला दुसरा हात हलवला.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण ही वही आहे, इथे कुणाला फसवायचं? चांगलं वाटलं. जिंकल्यासारखं. आठ वर्षांची पोर धावता धावता थांबते, आणि मी खूश होतो.

६ ऑक्टोबर

तिला सर्दी. शाळा बुडाली. दिवसभर पत्ते खेळलो, मी सतरा वेळा हरलो. त्यातल्या दोन वेळा खरोखरचा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पालकभेट. छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाई चांगल्या आहेत, तरुण आहेत, घसा नेहमी बसलेला. अभ्यासाचं सगळं छान म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, एक वही दाखवू का? दाखवावी की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं."

निबंधाचा विषय, 'सुट्टीत मी काय करणार'. बाकीच्यांनी मामाकडे, समुद्रावर, झोपणार वगैरे लिहिलेलं. भिंगरीचा निबंध असा. उतरवून आणलेला नाही, पण शब्द न् शब्द डोक्यात बसलाय —

'बाबा मला त्यांच्या घरी नेणार आहेत. मला जायचं आहे पण मी जाणार नाही. मी गेले तर आजोबा जेवणार नाहीत. ते एकट्यासाठी शिजवत नाहीत, शेजारच्या काकूंनी सांगितलं. बाबांना आईच्या गोष्टी येतात. ते सांगतात आणि रडतात पण सांगतात. आजोबांना विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात. म्हणून मी त्यांना विचारत नाही. मला आईचा आवाज आता नीट आठवत नाही. हे कुणाला सांगू नये.'

मी तीनदा वाचलं. चूक शोधत होतो. एकतरी सापडावी, पेन काढावं, काहीतरी करता यावं. एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

बाई म्हणाल्या, "पाणी देऊ?" मी म्हणालो, "अक्षर सुधारलंय तिचं."

आणि वही मिटून परत दिली.

११ ऑक्टोबर

काही लिहिवत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ठरवलं. आणि उरकूनही टाकलं, नाहीतर कच खाल्ली असती.

शाळेतून आली, दूध प्यायली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणालो, "भिंगरी, अक्काचा फोन आला होता." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, एकटीच राहते, लांब. "तिला आता एकटीला झेपत नाही. मला म्हणते, कायमचा ये. जावं लागणार बाई. हे घर बंद करायचं. तुझी मात्र पंचाईत. तुला बाबांकडेच राहावं लागेल. माझा इलाज नाही."

ती दुधाच्या मिशांसकट माझ्याकडे बघत राहिली.

"पण अक्काआजी तुम्हाला आवडत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. म्हणता, तोफ आहे. तिच्याकडे गेलं की श्वासही विचारून घ्यावा लागतो."

"म्हातारपणी आवडायला लागतात माणसं."

"कधी जायचं?"

"सुट्टी लागली की."

ती खेळायला बाहेर गेली. थोड्या वेळाने परत येऊन दारातूनच म्हणाली, "बरं."

एवढंच. मी किती तयारी केली होती! रडली तर हे सांगायचं, हट्ट केला तर ते सांगायचं. काही लागलंच नाही. 'बरं'! तिने सुखाने जावं हेच मला हवं होतं ना? मग तिचा दुधाचा पेला मी तिसऱ्यांदा का विसळतोय?

१५ ऑक्टोबर, बुधवार

जावयांना फोन केला. सगळं सांगितलं. निबंधाचं, अक्काची थाप, सगळं. पलीकडे लिफ्टची खडखड चालू होती. ते फोन घेऊन जिन्यात आले असावेत.

मग म्हणाले, "बाबा, तुम्हीही चला आमच्याकडे."

मी म्हणालो, "दोन खोल्यांत? आणि मी आलो की ती पुन्हा माझ्याच पायात घोटाळत राहील, मी जेवलो का बघत. नको. तिला आठ वर्षांची राहू द्या. एक मात्र करा. तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगत राहा."

"तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलो होतो. छत्रीचं मागे घेतो."

हा दांडगा लिफ्टवाला माणूस फोनवर हुंदके देत होता, आणि मी म्हणत होतो, "अहो, असू द्या, असू द्या." काय हे बोलणं! 'असू द्या' म्हणे!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचनदिन. शाळेतला तिचा शेवटचा दिवस. मुलाने एक पान वाचायचं, पालकाने एक. आम्ही कासवाचं पुस्तक घेतलं. माझ्या पानावर एक छपाईची चूक होती. गप्प बसलो! भिंगरीनेच कोपराने ढोसलं, "दिसली मला."

मुख्याध्यापिकाबाईंनी दाखला दिला. म्हणाल्या, "आता आमची पत्रकं कोण सुधारणार?" आवाज ओला होता. बाईंनी भिंगरीला जवळ घेतलं. वर्गातल्या सगळ्या मुलांनी तिला एकेक पेन्सिल दिली, एकतीस पेन्सिली झाल्या.

परत येताना पुलाजवळ आलो आणि न ठरवता मी बोललो. "तुझी आई तिसरीत असताना शाळेत गाणं म्हणायला उभी राहिली होती."

भिंगरीचं पाऊल थांबलं. इकडे बघेना. जणू झाडावर पाखरू बसलंय आणि मान हलवली तर उडेल.

"दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरली. आता? चाल तर येत होती. मग तिने त्याच चालीत आमच्या छापखान्याची पाटी म्हणायला सुरुवात केली. 'लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सर्व कामं सुबक नि वेळेवर होतील —' असं ताना घेऊन! पाहुणे गंभीर. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींना कळेना थांबावं की वाजवावं. टाळ्या पडल्या! आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं छापखाना विचारत आली."

भिंगरी हसत हसत फुटपाथवर बसलीच. मीही हसलो. मग मला हसता हसता जे झालं ते झालं. तिने माझ्या खिशातून माझाच रुमाल काढून मला दिला.

"आवाज कसा होता?" तिने विचारलं.

"जरा खरखरीत. तुझ्यासारखाच. तू सकाळी झोपेतून उठून 'आजोबा, मोजे' म्हणतेस ना — अगदी तस्सा."

ती रस्ताभर हळूच पुटपुटत होती. "आजोबा, मोजे. आजोबा, मोजे."

मी हे इतके दिवस का अडवून धरलं होतं? माझी मुलगी होती, मान्य. पण तिची आई होती.

३१ ऑक्टोबर

सामान बांधलं. तिचं. आणि नाटक पुरं करायचं म्हणून माझीही एक बॅग भरली. तिने आत डोकावून पाहिलं. "अक्काआजीकडे थंडी असते," म्हणाली आणि माझी कानटोपी आणून वर ठेवली.

१ नोव्हेंबर, शनिवार

नेलं. जावयांनी वाकून नमस्कार केला, मी पाठीवर हात ठेवला. भिंगरी पुढच्या सीटवर बसायचा हट्ट करत होती, म्हणजे ठीक होतं सगळं. गाडी वळेपर्यंत हात हलवला. मग वर आलो आणि भरलेली बॅग रिकामी केली.

२ नोव्हेंबर

शिजवलं. एकट्यासाठी. भात थोडा करपला. खाल्ला.

५ नोव्हेंबर

शेजारीण डबा घेऊन आली. "कधी निघताय बहिणीकडे?" म्हणाली. काय सांगणार! खरं सांगितलं. ती हातातला डबा न ठेवता तशीच उभी राहिली. काहीतरी बोलणार होती, बोलली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

भिंगरीचा फोन. नवीन बाई उंच आहेत. बाबांना वेणी घालता येत नाही, तीच शिकवते आहे. आईच्या चार गोष्टी झाल्या, एक तर तिच्या विहिरीत पडलेल्या बुटाची! मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा, रागावू नका. मी अक्काआजीला फोन केला होता. काकूंच्या घरून."

"कधी?"

"तुम्ही सांगितलं ना, त्याच दिवशी. खेळायला गेले तेव्हा. अक्काआजी म्हणाली, मी कुठे बोलावलंय त्याला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी विचारलं, "मग 'बरं' का म्हणालीस?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आजोबा. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्हाला पुन्हा खोटं बोलायला लागलं असतं."