पहिल्या पिंपाचा रस

सावाई, सामोआ
१२ मे २००३

ती. तुमेमाताईस, धाकट्या इओसुआचा सा. न. वि. वि.

गाडीच्या जॅकवर चालणारा रस काढायचा दाब, दुपदरी मलमलीची गाळणी, नारळाच्या खोडाची घडवंची, बाटल्या उकळायची भट्टी आणि बाटलीवरचं लेबल, सगळं या दोन हातांनी केलं. शाळा लवकर सुटली, पण लेबलात एक काना चुकलेला नाही: ‘नोनूचा रस. अँटिऑक्सिडंटांचा खजिना. सर्व व्याधींवर.’ आत्या वासाने नाक दाबून म्हणते, आधी या वासावर काही शोध. दोन महिने पिंपात मुरलेलं नोनूचं फळ अत्तरासारखं कसं दरवळेल?

रीतीप्रमाणे पहिलं पिंप बहिणीचं. खोकं बोटीने निघालं आहे. तुझी मूत्रपिंडं थकलीत असं तुझ्या लेकीने, लांगीने कळवलं. तेव्हा एकाऐवजी दोन पेले घे. मासिकं वाचूनच सांगतो आहे.

माया राहू दे, आणि बाटली हलवून घे.
तुझा इओसुआ

ऑकलंड
३ जुलै

चि. इओसुआस अनेक आशीर्वाद.

इस्पितळातून लिहिते आहे. घाबरू नकोस, नळ्या निघाल्या. काळजाचे ठोके चुकायला लागले म्हणून लांगीने उचलून आणलं. तुझ्या रसात पोटॅशियम फार, आणि माझ्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फळं-भाज्यांतली अँटिऑक्सिडंटं चांगलीच, पण माझ्यासारखीने तीही विचारून खावीत. आणि बाटलीतल्याने आजार बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

घरगुती काही औषध घेता का, हे त्यांनी आधीही विचारलं होतं. मी नाही म्हणाले. भावाने पाठवलेला पहिला वाटा म्हणजे औषध थोडंच, तो मान. तो कसा परत करू? प्रार्थना करून दोन्ही पेले प्यायले. लांगी आता आम्हा दोघांवर चिडली आहे, तुझ्यावर जरा जास्त.

जेवत जा. रागावले नाही.
तुमेमा

सावाई
२१ जुलै

ती. ताईस सा. न.

‘दोन पेले घे’ हे माझंच अक्षर. तू परत करू शकणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तरी तुला चालेल का हे विचारलं नाही. वाचलं तेवढंच खरं मानलं.

काल पहाटे बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन, माफी मागायच्या रीतीने, तुझ्या इथल्या बंद घरासमोर बसलो. चटई उचलून माफ करायला आत कोणीच नाही. ऊन चढलं, पाठीवर कोंबडी येऊन बसली. अखेर आत्याने चटई उचलली आणि बजावलं की ही उचलणी कच्ची, पक्की तुमेमा आल्यावर.

सगळी लेबलं खरवडली. नव्यावर एवढंच आहे: ‘नोनूचा रस. हे औषध नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पिऊ नये.’ अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

बरी हो. तुझ्या मायेला मी पात्र आहे का, ते येऊन ठरव.
इओसुआ

ता. क. आपियाचा व्यापारी आला होता. नवं लेबल काढून जुनं चिकटवलं, तर दाबासकट सगळा माल उचलतो म्हणाला. मी नको म्हटलं. अठ्ठावीस हजार ताला देत होता.