दोन तासांवरची धाकटी

चि. धाकटीस, थोरलीचे अनेक आशीर्वाद.

मी कोण ते आठवत नसेल म्हणून सांगते: तुला कडेवर घेऊन घेऊन वाकडी झालेली ती मीच. गेल्या खेपेला फोनवर मलाच विचारलंस, "ताई कशी आहे?" ताई बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? सोमवारी तो कापणार आणि त्याआधी मी तुझ्या उशाशी असणार, असं ठरलं होतं. ते का फिसकटलं ते ऐक. (अक्षर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं आहे, कुरकुर माझी.)

आमच्या चिरंजीवांनी फोनला विचारलं, दोन विमानतळांमध्ये अंतर किती. फोन म्हणाला, उडायला दोन ताससुद्धा नाहीत. झालं. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे वर जाणं म्हणजे बटण दाबणं अशी त्यांची समजूत. दुपारी जेवून निघू, चहाला मावशीकडे. मीही भोळी, तुला आधण ठेवायला सांगून मोकळी झाले. पण विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर विमानतळावर राहणाऱ्यांसाठी असतं गं. मी राहते चौथ्या मजल्यावर, आणि आमची लिफ्ट बंद. (दुसऱ्यांच्या चालू असतात.) मी पायरी पायरीला बसत उतरले, तर सूनबाई औषधांची पिशवी आणायला पुन्हा वर गेली. मग पुलावर गाड्यांची रांग. मग दारावरच्या शिपायाला माझा चेहरा ओळखपत्राशी जुळेना. (तो फोटो काढला तेव्हा मला दात होते.) शेवटी एका बाईने मला चाकांच्या खुर्चीत घालून अशी पळवली की एवढ्या घाईने मी आयुष्यात कुठे गेले नव्हते. खिडकीवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, उशीर झाला, आता नाही सोडता येणार." काचेपलीकडे विमान उभं. मी म्हटलं, "अगं, ते काय समोर आहे." बस असती तर पत्र्यावर थाप मारून थांबवली असती. आम्ही घरी पोचलो तोवर ते विमान तुझ्याकडे जाऊन परतही आलं असेल.

चिरंजीवाचं तोंड एवढंसं झालं, त्याला बोलू नकोस. आता पुढच्या महिन्यात रजा मिळाली की जाऊ म्हणतो, "दोन तास तर आहेत." तिथेच तर घोडं अडलंय. गाडीत दोन रात्री काढाव्या लागायच्या, तेव्हा तू दर सुट्टीत पोराला घेऊन हजर व्हायचीस. आता कधीही जाता येतं, म्हणून कोणी जात नाही. तेव्हा माझी वाट बघू नकोस. डॉक्टरांचं ऐक. मी इथूनच आठवण काढीन.

तुझी,
थोरली

ता. क. वरचं सगळं सूनबाईला वाचून दाखवायचं होतं, म्हणून तसं सांगितलं. खरं असं की गुरुवारी मी रेल्वेत बसतेय. शिंपीणबाईंना त्याच गाडीने पुढे माहेरी जायचंय, दोन्ही तिकिटं त्यांनीच काढली. चिरंजीवाला गाडी सुटल्यावर कळेल. पत्राचा फोटो तुझ्या मुलाच्या फोनवर येईल, त्याला तोंड बंद ठेवायला सांग. शनिवारी सकाळी पोचते. मी आल्याशिवाय गुडघ्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

आणखी एक. स्टेशनवर तू यायचं नाहीस. मुलाला पाठव, आणि त्याच्याबरोबर उकडलेले बटाटे आणि अंडी, मीठ वेगळं बांधून. शिंपीणबाईंना पुढच्या प्रवासाला पुरतील इतके पाठव. त्या नको नको म्हणताहेत, पण लिहून घेताहेत.