दिपालीच्या फॉर्मची तहकूब सभा

मु. पो. बावडा, ता. इंदापूर
शनिवार, १९ जुलै १९९७

तीर्थस्वरूप दत्तोबादादा यांच्या चरणी धाकट्या सोनबाचा शिरसाष्टांग दंडवत. आपल्या आशीर्वादाने इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा, चुलत्यांचा म्हणजे म्हस्कूतात्यांचा दमा आणि काळी म्हैस, तिघांनाही आता उतार आहे. आपली खुशाली कळवावी. जोधपूरच्या छावणीत पाणी दिवसाआड येतं असं आपण लिहिलं होतं, ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग तो हितंच बरा व्हता की.

पत्रास कारण, कामगिरी फत्ते झाली. मे महिन्यात आपण लिहिलं होतं की दिपालीच्या दहावीच्या निकालाला मला रजा नाही, पोरगी डॉक्टर व्हावी असं मनात आहे, पण तू जागेवर आहेस, चार माणसांना विचारून ठरव. दादा, सोसायटीत सचिव म्हणून मला चौदा वर्षं झाली, पण एवढ्या अधिकाराचं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. ते मी आठवडाभर खिशात घालून हिंडलो आणि स्टँडवर भेटेल त्याला दाखवलं. आता काय ठरलं ते क्रमाने सांगतो. आपण कृपा करून शेवटचं पान आधी बघू नये. (बघितलं असल्यास पुन्हा इथे यावं.)

दिपालीला चौऱ्याहत्तर टक्के पडले. गणितात तर शाळेत दुसरी आली. पेढे वाटून झाल्यावर मी तिला बारामतीला एका व्यवसाय मार्गदर्शन शिबिराला घेऊन गेलो. पुण्याहून एक टाय लावलेले सर आले होते. त्यांनी सगळ्या पोरांना विचारलं, तुम्हाला काय करायला आवडतं? कुणी कलेक्टर म्हणालं, कुणी इंजिनिअर म्हणालं. आपली दिपाली उभी राहून सांगते, मोटार खोलायला. सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर कल चाचणी म्हणून साठ प्रश्नांचा कागद वाटला, तो मी तिच्या हातातून घेतला आणि घराण्याच्या इभ्रतीसाठी स्वतः भरला. आठ दिवसांनी टपालाने निकाल आला. या उमेदवाराला नियमांची अत्यंत आवड असून नोंदवह्या, शिक्के आणि नोटिसा यांत त्याचं मन रमेल, स्वभाव किंचित हट्टी, योग्य व्यवसाय लिपिक. दादा, चाचणी इतकी अचूक असेल असं मला वाटलं नव्हतं. ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून ओटीवर लावलं आहे. साखर (म्हणजे आमची सौ.) रोज त्यावरून फडकं फिरवते आणि मोठ्याने वाचते.

मोटारीचं हे खूळ कुठून आलं तेही सांगायला हवं. जूनच्या सुरुवातीला आपल्या विहिरीवरची मोटार जळाली. पावसाचा पत्ता नव्हता आणि बावड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराची एक मोटार गेणबा मिस्त्रीच्या दारात रिवाइंडिंगसाठी, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायला, पडलेली होती. आमचा नंबर लागला तो थेट जुलैच्या पहिल्या आठवड्यातला. ट्रॅक्टरवरून मोटार नेताना धरायला म्हणून मी दिपालीला बरोबर घेतलं, ही माझी चूक. ती तिथे बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी आपली आपण गेली. चौथ्या दिवशी गेणबा तिला तारेचे वेढे मोजायला देऊ लागला. पोरगी जेवायला येईना म्हणून आई तिला ओढून आणायला गेली, तर संध्याकाळी दोघी हसत हसत परत आल्या. आईने म्हणे तांब्याची तार बोटांत धरून बघितली आणि गेणबाला सांगितलं, ही तर आमची लोकरच हाय की रं, निस्ती जड हाय. मेंढरांमागं कोकणापर्यंत चालताना तिने चातीवर जितकं सूत कातलं, तितकी तार गेणबाने जन्मात बघितली नसेल. वेढा सैल पडला की तिला लांबून कळतं. गेणबा आता आईला मावशी म्हणतो आणि तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवतो.

निकालानंतर दिपालीने मला सरळच सांगितलं. काका, मला बारामतीच्या आयटीआयला वायरमन करायचंय. फॉर्म आणलाय, भरलाय, तीस जून शेवटची तारीख हाय. हे ऐकून पोरीच्या आईने, सारजावहिनींनी, तव्यावरची भाकरी करपू दिली. म्हणाल्या, खांबावर चढणारी सून कोन करून घील? त्यांचं म्हणणं तिने मास्तरीण व्हावं. म्हस्कूतात्यांचं म्हणणं सायन्स, म्हणजे आपलंच, डॉक्टर. माझं म्हणणं लिपिक, चाचणीच्या आधारावर. एका घरात तीन पॅनेल पडल्यावर जे करायचं तेच मी केलं. सात दिवस आधी लेखी नोटीस काढून रविवार दिनांक २९ जून रोजी दुपारी तीन वाजता, राहत्या घरी, विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभासद सहा धरले. तात्या अध्यक्ष, त्यांची दोन मुलं, मी सचिव, आणि महिला राखीवमधून आई व वहिनी. गणपूर्ती चारची. साखर निमंत्रित, चहासह. चिन्हंही दिली, तात्यांच्या डॉक्टरीला छत्री, वहिनींच्या मास्तरकीला कपबशी, माझ्या लिपिकाला किटली. दिपालीने विचारलं, मला मत हाय का? मी म्हटलं, बाई, सभासदाला अठरा वर्षं पूर्ण लागतात, तू पंधराची आहेस. मग तिने वायरमनचा उमेदवारी अर्ज दिला. तो छाननीत बाद करावा लागला. सूचक म्हणून आईचा अंगठा होता, पण अनुमोदकाची जागा कोरी. दादा, अर्ज बाद करण्याआधी मी कलम तीनदा वाचलं, पण नियम म्हणजे नियम. पोरगी रडली नाही, भांडली नाही. नुसतं म्हणाली, बरं काका, आणि आत गेली. तिचा भरलेला फॉर्म देव्हाऱ्याखाली ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याची तारीख संपत होती.

तीनला सभा सुरू झाली आणि पंखा थांबला. लाईट गेली म्हणून सगळ्यांनी वीज मंडळाला शिव्या घातल्या आणि नोटिशीच्या कागदांनी वारा घेत कामकाज पुढे चाललं. तात्यांनी डॉक्टरकीवर तासभर भाषण केलं, त्यातला अर्धा तास स्वतःच्या दम्यावर. शेवटी मी मतपत्रिका वाटायला उठलो. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढ्यात पंखा गरकन फिरला आणि बल्ब लागला.

लाईट आली, असं कोण ओरडलं ते सांगता येणार नाही, पण दोन महिने पाण्यावाचून उसाची पानं वळत असताना बावड्यात हे दोन शब्द कानावर पडल्यावर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. शेतीच्या विजेची पाळी दिवसाची की रात्रीची, कुणालाच माहीत नसतं. तात्या चप्पल न घालता पळाले, त्यांची मुलं मागच्या दाराने पळाली, आणि मी सगळ्यांच्या पुढे पळालो. तात्यांच्या विहिरीवर जाऊन हिरवं बटण दाबलं तर मोटार नुसती गुरगुरली. तीनपैकी एक फेज नव्हता. तात्या म्हणाले, चला माघारी. मीच सुचवलं की आता आलोच आहोत तर स्टार्टर उघडून पॉईंट घासून बघू. ते घासण्यात पाऊण तास गेला.

परत आलो तर आई अध्यक्षांच्या खुर्चीवर बसून तंबाखू मळत होती आणि सभेचं पुस्तक मिटलेलं होतं. मी उघडलं. दिपालीच्या अक्षरात लिहिलं होतं: गणपूर्तीअभावी सभा चार वाजून दहा मिनिटांनी तहकूब. चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याच जागी पुन्हा सुरू. ठराव क्रमांक एक, चि. दिपाली हिने वायरमनचा कोर्स करावा. सूचक कुशाबाई, निशाणी अंगठा. अनुमोदक सारजाबाई, सही. एकमताने मंजूर.

तात्या लालबुंद झाले. म्हणाले, दोन बायकांनी ठराव केला, असं कुठं असतंय व्हय? पण दादा, पोटनियम मी पाठ केलेत आणि दिपालीकडून गेली पाच वर्षं सोसायटीच्या नोटिसा लिहून घेतल्यात, त्यामुळे तिलाही ते पाठ झालेत. गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करावी, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मी तात्यांना कलम वाचून दाखवलं. दोनदा वाचून दाखवलं. याच कलमावर त्यांचं पॅनेल एकदा सोसायटीत निवडून आलं होतं, त्यामुळे ते उठून आपल्या चपला शोधू लागले.

वहिनींनी सही कशी केली, हे मला रात्री साखरने सांगितलं. अर्धा तास भरेपर्यंत तिघी घड्याळाकडे बघत होत्या. वहिनी म्हणत होत्या, उद्या हिचं लगीन कसं व्हायचं. मग आईने त्यांना विचारलं, सारजे, तुला कुनी इचारलं व्हतं का गं, काय व्हायचंय ते? वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. मग आई म्हणाली, मला बी न्हाय इचारलं. त्यावर वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि पेन मागितला. दादा, आपल्या आईला असं काही विचारायचं असतं, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी तिला घेऊन बारामती गाठली. खिडकीवर फॉर्मबरोबर ठरावाची प्रमाणित प्रत जोडली, शिक्क्यासह. तिथल्या साहेबांनी ती बाकीच्यांना बोलावून वाचून दाखवली आणि मला चहा पाजला. म्हणाले, एवढ्या कागदपत्रांनिशी आजवर कुणी आलं नाही. बारा तारखेला यादी लागली. दादा, साठ नावांत आपली पोरगी सातवी, आणि वायरमनच्या यादीत मुलगी तेवढी एकच. मी यादीवर बोट ठेवून तिचं नाव मोठ्याने वाचलं. येताना भिगवणचं मासळी जेवण ठरलं होतं, वाट वाकडी होत असूनही ते घेतलं. इतक्या ताठ मानेने मी सोसायटीच्या निवडणुकीनंतरही घरी आलो नव्हतो.

आपल्या मनासारखी डॉक्टर झाली नाही, याचं आपल्याला वाईट वाटेल. पण मी हुकमाबाहेर गेलो नाही. चार माणसांना विचारलं, आणि नियमाने जे ठरलं त्यापुढे माझा इलाज चालला नाही. थोरांना नमस्कार, छावणीतल्या मित्रांना रामराम. तब्येतीस जपावं.

आपला आज्ञाधारक,
सोनबा

ता.क. १. सोबत एक कागद आहे. वडिलांचं संमतीपत्र. एकतीस जुलैच्या आत आपल्या सहीनिशी पोहोचलं नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाईल. खरं म्हणजे हे एवढं लांबण याच कागदासाठी लावलं. सही मीच ठोकणार होतो, दोन पानांवर सराव केला, पण आपल्या सहीतला 'द' काही जमला नाही. पत्र वाचून राग आला असेल तर आधी सही करावी आणि मग रागवावं.

ता.क. २. काल मंडळाचा लाईनमन भेटला. तो म्हणतो, त्या रविवारी गावातली लाईट गेलीच नव्हती. दिपालीला विचारलं, तर तिने मला मीटरपाशी नेऊन आपल्या घरचा फ्यूज काढून दाखवला. तीनला काढला आणि चार-दहाला बसवला. मला यातलं काडीचंही माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. सचिवाला असल्या गोष्टी माहीत नसाव्यातच.

ता.क. ३. त्याच सभेत ठराव क्रमांक दोनही झाला आहे. यापुढे घरातल्या पोरींबाबत सभा बोलावल्यास चहा सचिवाने करावा. आमची स्वराली आठवीत आहे आणि साखरने आतापासूनच माझ्याकडून सराव सुरू केला आहे. आई फक्त आपलं ऐकते. हा ठराव रद्द करण्याबाबत तिला दोन ओळी लिहाव्यात.

बाबा, पत्र पेटीत टाकायला काकांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून ही ओळ माझी. तुमची जुनी खाकी पँट आजीने मला वर्कशॉपसाठी आवळून शिवून दिलीये. कागदावर सही करा. आणि एक, काका त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळाले ते खरं आहे, पण आपली मोटार त्या दिवशी गेणबा मिस्त्रींच्या दारात होती. हे मला कळलंय, ते त्यांना कळवू नका.

तुमची,
दिपाली