मीठ, मीठा आणि माझे दात

आई, आज हिमायतनगरच्या दातांच्या दवाखान्यावरून गेले आणि मनाने पुन्हा त्या खुर्चीत जाऊन पडले. महिन्यापूर्वी तिथे आडवी होते, दिव्याचा पिवळा गोळा डोळ्यांत, आणि डोळ्यांपुढे तू, आपल्या नल्लकुंट्याच्या जुन्या घरात, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. फोडणीचा वास आला मला, शप्पथ. डॉक्टरीणबाई तोंडात आरसा फिरवत विचारत होत्या, लहानपणी गोड खायचात का. आ वासलेली मी काय सांगणार? मान हलवली. फळं? तीही नाही. मध, गूळ? नाही हो बाई. पन्नाशी आली तरी एकही दात किडलेला नाही, मला वाटलं आता माझ्या ब्रशचं कौतुक होणार. तर त्यांनी आरसा खाली ठेवला आणि मला मोठ्या डॉक्टरांकडे रक्त तपासायला पाठवलं.

डोळे मिटले की मी सहा वर्षांची असते. आमटीला मीठ नाही, म्हणून तू मला शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या खालांकडे पाठवतेस. मी वाटी पुढे करते आणि त्यांच्या बोलीत मीठ मागते, "खाला, मीठ होना." त्यांना ऐकू येतं 'मीठा', म्हणजे गोड; त्या हसतात आणि वाटीत साखरेत शिजवलेले जर्दाळू घालतात, खुबानी का मीठा. इथेच बसून खा म्हणतात. गोड मला तेव्हाही नकोसं व्हायचं, पण मोठ्यांनी दिलेलं नाकारायचं नाही हे तुझंच शिकवणं, म्हणून मी नाइलाजाने सगळं गिळते. थोड्या वेळाने मी आपल्या मोरीत ओकतेय, घामाने थबथबलेली, मान टाकलेली. बाबांची बहीण आलेली होती. आत्या म्हणाली, नखरे आहेत नुसते, आमच्या घराण्यात असं कुणी नाही. तू मला उचललंस, रिक्षा केलीस, सलाईन लागेपर्यंत माझे तळपाय चोळत राहिलीस. घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, "आजपासून हिच्या तोंडात गोड जाणार नाही. विषय संपला."

संपला कसला! प्रत्येक सणाला तुला ऐकून घ्यावं लागलं. पोरीला दुबळं केलंय, स्वतःचे वहीम तिच्यावर लादतेय. माझ्या वाढदिवसाला तू तिखटमिठाच्या पुऱ्या करायचीस आणि पाहुण्यांच्या नजरा चुकवत वाढायचीस. शेवटच्या आजारात आवाज पार खोल गेलेला असताना माझा हात धरून विचारलंस, "मी उगाच तर नाही ना गं तुझं तोंड बांधलं?" मी नाही म्हटलं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं? तुला ते पटलं नव्हतं, हे मला दिसलं.

आता रिपोर्ट आलाय. साखरेतला आणि फळांतला एक अंश माझ्या शरीराला जन्मापासून पचवताच येत नाही. खात राहिले असते तर लिव्हर गेलं असतं, कदाचित लहानपणीच मी गेले असते. दात टिकले तेही त्या पथ्यामुळे. आणि ऐक, हे अर्धं तुझ्याकडून आलंय, अर्धं बाबांकडून. म्हणे घराण्यात नाही!

तू बरोबर होतीस, आई. काही कळत नसताना, एकटीने, बरोबर होतीस. हे तुला सांगता येत नाही याचा इतका राग येतो की काय सांगू. पत्र टाकायला आबिड्सचं पोस्ट आहे, पण पत्ता काय घालू?

एक मात्र केलंय. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, इतकं कडक पथ्य तुम्हाला घालून कुणी दिलं? म्हटलं, आईने. त्या डॉक्टर होत्या का? मी हो म्हणून टाकलं.