गळका हौद आणि टिकाऊ आनंद

१ सप्टेंबर, रविवार
आजपासून मी नवा माणूस. भीती संपली. विषय संपला.

झालं असं, की उपासनेत पास्टरांनी विचारलं, कायमचा आनंद कोणाकोणाला हवाय? मी हात वर केला. आनंद कोणाला नको असतो? बघतो तर अख्ख्या चर्चमध्ये दोनच हात. एक माझा, एक सिस्टरांचा. सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड नर्स. निम्म्या गल्लीला त्यांनी इंजेक्शनं टोचली आहेत. मी अजूनही त्यांच्याकडे पाठ करून उभा राहत नाही. पास्टर म्हणाले, प्रभूची स्तुती असो, या दोघांचा बाप्तिस्मा पंधरा तारखेला.

आमच्याकडे नुसतं पाणी शिंपडत नाहीत. स्टेजखालच्या हौदात उभं करून मागे आडवं करतात. नाकातोंडासकट. अकरा वर्षं बायकोबरोबर शेवटच्या बाकावर बसतोय, त्यामुळे माहीत होतंच. पण दर बाप्तिस्म्याला मी स्कूटर नीट लावली आहे का ते बघायला बाहेर जातो, म्हणून लक्षात राहिलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, अहो, नक्की ना? तुम्ही तोंडसुद्धा ओल्या फडक्याने पुसता. मी म्हटलं, विश्वासापुढे पाणी म्हणजे काय?

पाणी म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. मी प्लंबर आहे. टाकी रिकामी केल्याशिवाय आत पाय ठेवत नाही. रिकामी टाकी माझी, भरलेली टाकी मालकाची.

२ सप्टेंबर, सोमवार. पहाटे पाच
(ही वेळ काल रात्रीच लिहून ठेवली होती. प्रत्यक्षात पावणेआठ.)
संकल्प : पहाटे प्रार्थना. बायबलचा रोज एक अध्याय. चिडायचं नाही. घाबरायचं नाही. सदैव आनंद.
दुपारपर्यंत आनंद उत्तम. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये टब भरलेला दिसला. छातीत धडधड. अॅसिडिटी असावी.

४ सप्टेंबर, बुधवार
सराव. बादलीत तोंड घातलं. कानात पाणी गेलं, डोळ्यांपुढे काळोख, आणि हृदय कुठे तरी घशात. लगेच बाहेर. पण आत गेलो होतो, हे महत्त्वाचं.
बायको दारात उभी. बादलीत काय हरवलं, विचारलं. गळते का बघतोय म्हटलं. तोंडाने का, म्हणाली. या बाईला प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण लागतं.
सदैव आनंद उद्यापासून.

६ सप्टेंबर, शुक्रवार
देवाची करणी अगाध आहे!
सकाळी पास्टरांचा फोन. हौद चाचणीसाठी भरला होता, सकाळपर्यंत अर्धा झाला. ब्रदर, तुम्हीच बघा, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?
गेलो. बघितलं. आउटलेटच्या पाइपाभोवती भेग. दोन तासांचं काम.
पास्टरांना म्हणालो, काम मोठं आहे, पार पायापर्यंत जावं लागेल. हे खोटं नाही. कुठलीही भेग शेवटी पायापर्यंतच जाते. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. माझ्यावर इतका विश्वास आजवर कोणी ठेवला नव्हता. जरा कसंतरी झालं.
पण झोप छान लागली. हाच तो आनंद असणार.

८ सप्टेंबर, रविवार
सिस्टर प्रार्थनेनंतर शेजारी येऊन बसल्या. वीस तारखेला हृदयाचं ऑपरेशन आहे, झडप बदलणार आहेत. बाळा, त्याआधी मला त्या हौदात उतरायचंय, म्हणाल्या. त्यांचे मिस्टर तरुणपणी याच हौदात उतरले होते. वर आले तेव्हा मोठ्याने हसत होते. सिस्टर तेव्हा बाकावर बसून लाजेने लाल झाल्या होत्या. घरी जाऊन चांगलं फैलावर घेतलं त्यांना. मिस्टर म्हणाले, तू उतरशील तेव्हा कळेल. आता ते नाहीत. त्यांना काय कळलं होतं ते मला बघायचंय, म्हणाल्या.

मी विचारलं, ऑपरेशनची भीती नाही वाटत? म्हणाल्या, वाटते की. खूप वाटते. इतक्या शांतपणे म्हणाल्या की मलाच घाम फुटला. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, तू आहेस ना काम बघायला, मी निश्चिंत आहे.
जेवण गेलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
भेगेवर केमिकल लावलं. थोडंसंच. पास्टरांना सांगितलं, हे सुकायला दोन आठवडे लागतात, घाई केली तर सगळं उखडेल. ते म्हणाले, मग एकोणतीसला करू.
बायको म्हणाली, आपल्या बाथरूमला तर हेच केमिकल रातोरात सुकलं होतं. मी म्हटलं, ते बाथरूम, हे चर्च. तिने नुसतं बघितलं. तिच्या अशा बघण्याला माझ्याकडे कुठलंच केमिकल नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
पास्टरांनी तारीख पुढे गेल्याचं जाहीर केलं. लोक हळहळले. पास्टर म्हणाले, सिस्टर, तुमच्यापुरतं शिंपडून करू, देव समजून घेईल. त्या म्हणाल्या, देव घेईल हो, पण शिंपडणं म्हणजे मिस्टरांचा तो हौद नव्हे. ऑपरेशनहून परत आले तर उतरेन.
तर.
हा एवढा शब्द दिवसभर डोक्यात ठणकतोय. घरी येताना स्कूटर दोनदा बंद पडली. बायको मागे बसली होती. म्हणाली, अहो, भीती वाटते असं सांगितलं असतं तर कोणी खाल्लं असतं का तुम्हाला? मी म्हटलं, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार
स्वप्नात सिस्टर कोरड्या हौदात बसून माझी वाट बघत होत्या.
पाण्याची भीती एकीकडे, ही भीती दुसरीकडे. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींत पाणी.
दुपारचा डबा न उघडता चर्चला गेलो. भेग खरवडली, नीट भरली. दोन तासच लागले. पास्टरांना फोन केला. नवं केमिकल मिळालं, लगेच सुकतं म्हणालो. ते म्हणाले, बरं झालं मिळालं. मग परवा संध्याकाळी करून टाकू, दोघांचंही.
दोघांचंही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
सविस्तर लिहितो.

आधी सिस्टर. त्यांना धाप लागते, म्हणून पाण्यात दुसऱ्या बाजूने धरायला कोणी तरी हवं होतं. पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे. बायकोने टॉवेल घेतला आणि स्टेजकडे मान हलवली.

पहिली पायरी, घोटा. दुसरी, गुडघा. पुढचं आठवत नाही. सिस्टरांचा दंड माझ्या हातात होता, हाडं नुसती. माझ्या कानात म्हणाल्या, घट्ट धर रे, मला फार भीती वाटतेय. मी म्हटलं, मलाही. आयुष्यात पहिल्यांदा हे कोणाला तरी सांगितलं. मग आम्ही त्यांना मागे झुकवलं आणि वर आणलं. चेहऱ्यावर केस चिकटलेले, दात काढून ठेवलेले, आणि त्या हसत होत्या. मोठ्याने, गदागदा हलत, थांबेचनात. कळलं, म्हणाल्या, कळलं मला. मीही हसत होतो. का ते माहीत नाही. मी छातीपर्यंत पाण्यात उभा आहे हे तेव्हा ध्यानातच नव्हतं. घरी पँट पिळताना आठवलं.

मग माझी पाळी. मी हात जोडून उभा. पास्टर डोळे मिटून प्रार्थना करत होते. प्रार्थना लांबली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पाणी कमरेला होतं. मला मागे झुकवेपर्यंत मांडीला. त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. हौदाच्या तळाच्या बुचाची साखळी माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकली होती.

मुद्दाम नाही. पाय आपोआप गेला. रिकामी केल्याशिवाय टाकीत राहायचं नाही, ही धंद्याची सवय.

मग सगळी मंडळी नुसतं ते पाणी घुर्रघुर्र करत जाताना ऐकत राहिली. मी गुडघाभर पाण्यात, मग घोटाभर, मग नुसताच. सर्वांत मोठ्याने सिस्टर हसल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. म्हणाल्या, मी येईपर्यंत भरून ठेव, मग मी धरेन तुला.

२० सप्टेंबर, शुक्रवार
ऑपरेशन. कामावर गेलो नाही. हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो. संकल्पातली लांबलचक प्रार्थना आठवेना. प्रभू, मी घाबरलोय, एवढंच सुचलं. तेच म्हणत बसलो.
संध्याकाळी नर्स बाहेर आली. आजी शुद्धीवर आल्यात म्हणाली. पहिलं काय विचारलं असेल? हौद भरला का.
जिन्याखाली जाऊन रडलो. बायको आली, शेजारी बसली. या वेळी मी कार्बोरेटरचं नाव काढलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार
सिस्टर पुढच्या रविवारी चर्चला येणार. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. सिस्टरांनी मला निरोपही पाठवला आहे, त्या दिवशी तुझी पाळी, मी धरेन.
मी काल हौद काठोकाठ भरला. पातळीवर खडूने खूण केली. आज उपासनेच्या आधी जाऊन बघितलं. खुणेवरच. उपासनेनंतर बघितलं. खुणेवरच. बाही सरसावून खांद्यापर्यंत हात घातला, आउटलेटभोवती बोटं फिरवली, कोपरे चाचपले.
कुठेही गळत नाही.