लाल पायांच्या कोंबड्यांची सरासरी

३ जून
प्रोजेक्टचा विषय मंजूर. मार्गदर्शक डॉ. मसंगवीबाई म्हणाल्या, साधा आहे, पण प्रामाणिकपणे करा, मिस्टर नमवेरा. साधा म्हणे! बघू.
वीस तलंगा, दोन गट. गट अ ला नेहमीचा मक्याचा कोंडा. गट ब ला माझं मिश्रण: कोंड्यात वाळक्या उसिपा मासळीची पूड आणि शेवग्याचा पाला. दोन महिन्यांनी दोन्ही गटांच्या सरासरी वजनाची तुलना. मग पदवी, आणि मी शिकवतो त्या शाळेत विज्ञान विभागाचं प्रमुखपद. एनिफाच्या माहेरच्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. लग्न झाल्यापासून त्यांच्याच गावात राहतोय. इकडे थोंडवे भागात रीतच आहे तशी. पण रीत असली तरी घरजावई तो घरजावईच.

४ जून
एनिफा म्हणाली, कोंबड्या माझ्या आहेत, पिसाला धक्का लागला तर याद राखा. तिला नल हायपोथिसिस समजावला. दोन गटांत फरक नाही, दिसतो तो योगायोग, असं आधी धरून चालायचं. योगायोगाने एवढा फरक पडणं फारच अवघड दिसलं, तरच ते सोडायचं. ती म्हणाली, "फरक नाही असंच धरायचंय, तर मोजता कशाला?"
तिला एकदम एवढं सांगायला नको होतं.

७ जून, सकाळी
गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे असतात. टाकल्या. पण मरतुकड्या बऱ्याच ब मध्ये आल्या. नशिबाला हे म्हणायचं नसणार. म्हणून चार अदलाबदली केल्या.
ब च्या पायांना ओळखीसाठी एनिफाची लाल नेलपॉलिश लावली. बाटली संपली. एनिफा बोलत नाहीये.

५ जुलै
शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याकडून ताणकाटा आणून वजनं केली. ब पुढे! फरक मोजणारा आकडा, t, आला २.६. तक्त्यातली सीमा २.१. त्यापलीकडे गेलं की योगायोग म्हणता येत नाही. बाईंना लगेच फोन. त्या म्हणाल्या, आपण पुढे आहोत म्हणून मध्येच सामना थांबवता येतो का? ठरलेल्या तारखेपर्यंत थांबा.
थांबतो. ऑगस्टमध्ये तर काय फरक दिसेल!

११ जुलै
सासूबाई आल्या. म्हणजे कोंबडी आलीच. मी अ मधली बारकी सुचवली. एनिफा म्हणाली, "माझ्या आईला बारकी? लोक काय म्हणतील?" ब मधली सगळ्यांत जाड गेली. सासूबाईंशी जावयाने थेट बोलायचं नसतं, त्यामुळे त्यांना विनवताही येईना. ओसरीवर बसून फोडणीचा वास घेतला.
हरकत नाही. ती आउटलायर होतीच, बाकीच्यांपेक्षा फारच जाड.

१९ जुलै
सासूबाईंनी लाल पायांच्या कोंबडीची चव गावभर सांगितलेली दिसते. मामेसासरे म्कवांडा आले. कुळाचे कर्ते तेच. जमिनीच्या बांधावरून भांडण मिटवायचंय, तर बैठक म्हणे आपल्याच अंगणात. जेवायला काय, हे विचारलंच नाही. थेट गट ब कडे बोट दाखवलं.
मी हात जोडून सांगितलं, मामा, सरासरी बिघडेल. ते म्हणाले, "जावईबापू, सरासरी सगळ्यांची मिळून असते ना? मग एकीच्या जाण्याने तिला काय होतंय?"
सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

२० जुलै
बैठक चालू. ब मधली आणखी एक. अर्थात जाडच.

२२ जुलै
बांध दोन हात सरकला. भांडण तिथेच. एनिफाला म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, "मामांना? मी? तुम्हीच बोला, तुम्ही शिकलेले." बोलायला गेलो. मामांनी शेजारी बसवून तंगडी वाढली. खाल्ली.
चव खरंच वेगळी आहे. हे प्रोजेक्टमध्ये कुठे लिहायचं?

२५ जुलै
भांडण मिटलं. ब मध्ये चार उरल्यात. चारही काड्या.

२८ जुलै
घारीने अ मधली सगळ्यांत बारकी नेली. त्यामुळे अ ची सरासरी वाढली. घारसुद्धा एनिफाच्या माहेरची.

४ ऑगस्ट
वजनं केली. अ पुढे. t उणे १.१. पुन्हा केलं. उणे १.१. पाच टक्क्यांची पातळी दहा केली, मग वीस. तरीही जमेना. तीस लिहिलं, तर अ च जिंकायला लागला; खोडलं.

९ ऑगस्ट
बाईंनी विचारलं, ब मधल्या सहा कुठे गेल्या? सांगितलं. कोणत्या गेल्या? जाड. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "म्हणजे तुमचं मिश्रण जिथे लागू पडलं, तेवढंच लोकांनी खाल्लं. चिठ्ठ्या तरी टाकल्या होत्या ना?" टाकल्या होत्या, म्हणालो. खोटं नाही.
त्या म्हणाल्या, "मिश्रण चांगलं असेलही. या आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढंच लिहा. पास व्हाल. जेमतेम."
हेडमास्तरांना विचारून ठेवलं. जेमतेमवाल्याला प्रमुखपद नसतं.

१२ ऑगस्ट
सकाळी प्रोजेक्टवर सही केली: मिश्रणामुळे वजनात फरक पडतो असं सिद्ध झालं नाही.
दुपारी मामा हजर. मागे सायकलवर उसिपाची दोन पोती. अख्ख्या कुळाला माझं मिश्रण हवंय, बाजारात लाल पायांच्या कोंबड्या विकायच्या आहेत. मी म्हटलं, मामा, फरक पडत नाही. टेस्ट घेतली मी.
ते म्हणाले, "टेस्ट आम्ही घेतली, जावईबापू. सहा वेळा. तुम्ही कुटायला बसा."
एनिफाने उखळ आणून समोर ठेवलं. पहिलं पोतं अजून अर्धंही झालेलं नाही.