मोठ्यांनी घेतलेले शेअर

अप्पा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो राग काही जात नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी मुरूमच्या आपल्या कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. लग्नं पुढं ढकललेली. ज्यांच्याकडं ऊस होता ते साखर कारखान्यात पैसे भरून सभासद होत होते. तुम्ही मात्र दर तीन महिन्यांनी एसटीनं सोलापूरला जायचात आणि तिथल्या दलालाला एकच विचारायचात, सरकारी विमा संस्थेनं आणि मुंबईच्या मोठ्या फंडांनी या खेपेला कोणते शेअर उचलले? ते जे घेतील तेच आपण घ्यायचं. अव्वा म्हणायची, "अहो, आधी दुकानात माल भरा की." तुम्ही हसायचात. "अगं, त्यांच्याकडं लई शिकलेली माणसं हायत. ती काय डोळं झाकून घेतील व्हय?" मी म्हणायचे, त्यांचं घेऊन झाल्यावर आपल्याला कळतं, ते विकतील तेव्हा कोण सांगणार? तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात.

मग ती कापडगिरणी आली. विमा संस्थेनं तिचे शेअर घेतले म्हणून, मला धाराशिवच्या कॉलेजात घालायला राखून ठेवलेले पैसे तुम्ही त्यात घातलेत. वर्षाच्या आत गिरणीला टाळं लागलं. तेव्हा तुम्ही मला घेऊन संस्थेच्या सोलापूरच्या कचेरीत गेलात. टोपी हातात धरून उभे असलेले तुम्ही मला अजून दिसता. "साहेब, तुमी ही गिरणी का घेतली, तेवढंच सांगा," तुम्ही म्हणता. टेबलामागचा साहेब इकडंतिकडं बघतो, आवाज खाली आणतो. "काका, गिरणी बंद पडू नये म्हणून वरून आदेश आला, मुंबईच्या मुख्य कचेरीनं पैसे घातले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

परतीच्या एसटीत मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. नळदुर्ग मागं पडल्यावर तुम्ही म्हणालात, "एवढी मोठी माणसं बी वरच्याला विचारूनच घेत्यात बघ. मग आपलं काय चुकलं?" मी खिडकीकडं तोंड फिरवलं ते गाव येईपर्यंत. कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढं दुकान मी सांभाळलं, आणि तुम्ही गल्ल्यापाशी बसून पेपरात तेच शोधत राहिलात. माझं काय गेलं, हे एकदाही तोंडानं बोलला नाहीत. "पुढच्या खेपेला बघ," एवढंच.

आता त्यासाठी कुणाला सोलापूरला जावं लागत नाही. तिमाही संपली की कुठल्या फंडानं काय घेतलं ते मोबाईलवर येतं. परवा माझा मुलगा तेच घेऊन बसला होता. "आई, यात आपण डोकं चालवायचं कामच नाही." मी अशी ओरडले की सून आतून धावत आली. तुम्हाला त्यानं पाहिलेलंही नाही, तरी हे त्याच्यात कुठून आलं?

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. फक्त एक सांगते. मुलानं ते सगळं माझ्याही फोनवर पाठवलं होतं. तो कामावर गेल्यावर मी शेवटपर्यंत वाचलं. आणि अप्पा, त्यातला एक शेअर मला पटलाय.